पुंगळ्यांचा हिशोब

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत पोलिसांचा सर्वांत गाजलेला गोळीबार कोणता, असे कुणालाही विचारा. कुठल्या गुंडाचे किंवा नामांकित अधिकाऱ्याचे नाव ऐकू येणार नाही. सिद्धगड, एवढेच उत्तर मिळेल.

२ जानेवारी १९४३ ची पहाट. भीमाशंकरच्या रांगेला लागून असलेला सिद्धगड, खाली मुरबाड तालुक्यातल्या वाड्या आणि जंगलात आझाद दस्त्याचा तळ. पोलिसांनी तळ गाठला, गोळ्या झाडल्या आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील तिथेच पडले. आज आपण त्या घटनेकडे बलिदान म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. दर वर्षी त्या तारखेला लोक सिद्धगडावर जमतात. पण त्या दिवशीच्या सरकारी दप्तरासाठी ती फरारी आरोपींच्या मागावर गेलेल्या एका पोलीस पथकाची कारवाई होती. कथा-कादंबऱ्या आणि पटकथा लिहिणाऱ्यांसाठी तयार केलेल्या या पुस्तकाची प्रस्तावना मी तिथूनच सुरू करतो, कारण खऱ्या गोळीबाराची बहुतेक लक्षणे त्या एका घटनेत सापडतात.

कोतवाल माथेरानचे. शिकून वकील झालेले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद सांभाळलेले. १९४२ च्या ऑगस्टनंतर ते भूमिगत झाले आणि त्यांच्या दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. त्यानंतरचे महिने लपण्याचे होते. माणसे रात्री चालायची, दिवसा झाडीत राहायची. भाकरी कुठल्या वाडीतून येणार, आपल्यात बातमी फोडणारा कोण, थंडीत शेकोटी पेटवायची की नाही, हे प्रश्न रोजचे. दुसऱ्या बाजूला पोलिसांचेही तेच: खबर, वाटाड्या, चाल, आणि आलेली खबर खोटी निघाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एवढ्या सगळ्याचा शेवट एका पहाटेत झाला. कोतवालांवर २०२० मध्ये मराठी चित्रपटही आला. पडद्यावर अशा पहाटेला जागा मिळते तशी आधीच्या महिन्यांना मिळू शकत नाही. प्रेक्षक बसून राहणार नाही. लेखक हा हिशोब नेहमी असाच उलटा करतात, महिने दोन परिच्छेदांत आणि काही मिनिटे वीस पानांत.

आता त्या पहाटेचा उजेड पाहा. अमावास्या चार दिवसांवर आलेली होती. म्हणजे आकाशात चंद्राची उशिरा उगवलेली बारीक कोर, खाली दाट झाडी, जानेवारीचे दव आणि धुके. अशा वेळी वीस पावलांवरचा माणूस हा एक हलणारा काळा आकार असतो. त्याच्या हातात बंदूक आहे, काठी आहे की पाण्याचा लोटा, हे ओळखायला डोळ्यांना वेळ लागतो आणि तो वेळ कुणापाशीच नसतो. सिद्धगडाच्या हकिकती आजही सांगितल्या जातात, पण सांगणारा बदलला की क्रम बदलतो, अंतर बदलते, गोळ्यांची संख्या बदलते. यात कुणी खोटे बोलत असेलच असे नाही. तिथे हजर असलेल्या माणसालाही फार थोडे दिसते.

कथेतला गोळीबार आणि खरा गोळीबार यांच्यातला सर्वांत मोठा फरक माझ्या मते हाच. कथेत सगळ्यांना सगळे दिसते. नायकाला खिडकीतला बंदूकधारी दिसतो, त्याच्या मागचा दुसरा दिसतो, आपल्या पिस्तुलात किती गोळ्या उरल्या ते ठाऊक असते आणि वाचकाला तर गोळी सुटताना ट्रिगरवरचे बोटसुद्धा दिसते. खऱ्या माणसाची नजर त्या क्षणी आकसते. समोरच्याच्या हाताखेरीज काही दिसेनासे होते, शेजारी सुटलेल्या गोळीचा आवाज कित्येकदा ऐकूच येत नाही. दोन सेकंद दोन मिनिटांइतके लांब वाटतात किंवा उलट होते. बोटांची बारीक हालचाल बिघडते. आपण किती गोळ्या झाडल्या असे नंतर विचारले तर अधिकारी प्रामाणिकपणे दोन म्हणतो आणि पिस्तुलातून पाच गेलेल्या असतात. हा सराव नसलेल्या नवख्याचा दोष नव्हे. शरीर असेच वागते.

मग नेम लागणार कसा? न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ या काळातल्या गोळीबारांचा रँड या संस्थेने अभ्यास केला. समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांच्या सुमारे १८ टक्के गोळ्या लक्ष्याला लागल्या. समोरून गोळी येत नव्हती तेव्हाही हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासच होते. ही जगातल्या मोठ्या, सुसज्ज पोलीस दलांपैकी एकाची गोष्ट. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्याच शहरात चार पोलिसांनी एका इमारतीच्या दाराशी उभ्या असलेल्या अमादू दियालो या निःशस्त्र तरुणावर ४१ गोळ्या झाडल्या, त्यातल्या १९ लागल्या. त्याच्या हातातले पाकीट त्यांना पिस्तूल वाटले होते. अंतर काही फुटांचे होते, तरी निम्म्याहून अधिक गोळ्या दुसरीकडे गेल्या.

लागलेली गोळीसुद्धा पडद्यावरच्या गोळीसारखी वागत नाही. माणूस मागे उडून काचेवर आदळत नाही; तेवढा धक्का गोळीत असता तर झाडणाराही मागे उडाला असता. कित्येकदा गोळी लागल्याचे जखमीला लगेच कळतही नाही. एप्रिल १९८६ मध्ये मायामीत एफबीआयच्या आठ जणांनी दोन दरोडेखोरांना अडवले. काही मिनिटांत दीडशेच्या आसपास गोळ्या सुटल्या. त्यातल्या एका दरोडेखोराच्या छातीत सुरुवातीलाच गोळी शिरली होती. ती हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो लढत राहिला. एफबीआयचे दोघे त्या दिवशी मेले, पाच जखमी झाले. त्यानंतर अमेरिकी पोलिसांची पिस्तुले आणि काडतुसे बदलली. जीवघेणी जखम झालेला माणूस आणखी काही मिनिटे धोकादायक राहू शकतो, हे तिथल्या पोलिसांना फार महागात शिकावे लागले.

मराठी वाचकाला यासाठी मायामीपर्यंत जायची गरज नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवन गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यासारखे तीन अनुभवी अधिकारी एकाच क्वालिसमध्ये होते. गाडीत सात जण. झाडीतून एके-४७ च्या फैरी आल्या आणि सगळे फार थोड्या वेळात संपले. कामटे यांनी झाडलेली गोळी दहशतवादी कसाबच्या हाताला लागली, ही त्यातली एक प्रत्युत्तराची गोष्ट. मागच्या बाजूला अरुण जाधव जखमी हातांनी सहकाऱ्यांच्या देहांखाली अडकले होते. शस्त्र हाताशी होते, पण उचलता येत नव्हते, आणि दहशतवाद्यांनी तीच गाडी घेऊन पुढचा रस्ता धरला. असा प्रसंग एखाद्या नवोदिताने लिहून आणला असता तर संपादकाने तो परत पाठवला असता: नायक असे मरत नाहीत, म्हणून. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी पकडली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे.

ओंबळ्यांच्या हातातली लाठी आपल्या ग्रामीण भागात आजही नेहमीचे शस्त्र आहे. ठाणे ग्रामीण पोलिसांची शहापूर, वाशिंद, किन्हवली, कसारा, मुरबाड, टोकावडे ही ठाणी डोळ्यांसमोर आणा. टोकावड्याच्या हद्दीत माळशेजच्या पायथ्याचा रस्ता येतो, कसाऱ्याच्या हद्दीत मुंबई-आग्रा महामार्गाचा घाट. रात्रपाळीला ठाण्यात मोजकी माणसे असतात. अधिकाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असते, लांब शस्त्रे कोठारात असतात आणि ती बाहेर काढायची तर नोंद करून काढावी लागतात. घाटात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. मदत मागितली तर ती तालुक्याहून किंवा ठाणे शहरातून निघणार. तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

आणि जे होते ते बहुधा गोळीबार नसतो. हे या पुस्तकाच्या विषयाला मारक आहे, पण सांगितलेच पाहिजे. महामार्गावर दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी पकडली, अशी बातमी तुम्ही वाचली असेल. तिच्या शेवटी जप्त मालाची यादी असते: कोयता, लोखंडी कटावणी, दोरी, मिरचीपूड, एखादा गावठी कट्टा आणि एक-दोन जिवंत काडतुसे. हा कट्टा अनेकदा पहिल्याच बाराला दगा देतो, झाडणाऱ्याच्याच हातात फुटायची शक्यता असते. खबर मिळते, साध्या कपड्यांतले चार पोलीस ढाब्यापाशी सापळा लावून चहा पीत बसतात, इशारा होतो, झटापट होते, कुणीतरी पळतो, दोघे त्याच्यामागे शेतात धावतात, एकाचा पाय चिखलात मुरगळतो. शस्त्र असूनही कोणी वापरत नाही, कारण मागे ढाब्यावर माणसे जेवत असतात आणि सुटलेली गोळी कुठे जाऊन थांबेल हे कुणाला सांगता येत नाही. बहुतेक पोलीस अख्खी नोकरी संपवून निवृत्त होतात आणि सरावाच्या मैदानाबाहेर त्यांनी एकही गोळी झाडलेली नसते.

जखमेचेही असेच. कथेतल्या नायकाच्या खांद्याला गोळी लागते, तो रुमाल बांधतो आणि पुढच्या प्रकरणात गाडी चालवतो. खांद्यातून हाताला जाणारी मोठी रोहिणी आणि मज्जातंतूंचा जुडगा जातो. तिथली गोळी हात कायमचा निकामी करू शकते, जीवही घेऊ शकते. मांडीचेही तसेच, तिथली मोठी रोहिणी तुटली तर काही मिनिटांत रक्त वाहून माणूस जातो. आता हा जखमी माळशेज घाटाच्या माथ्यावर आहे असे समजा. मुरबाडला ग्रामीण रुग्णालय, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय. तिथे रक्तस्राव रोखतील, सलाइन लावतील आणि बहुधा पुढे पाठवतील: उल्हासनगर, कळवा, ठाणे, नाही तर मुंबई. कल्याणच्या वाहतुकीत अडकलेली रुग्णवाहिका हा या भागातल्या कुठल्याही थरारकथेचा सर्वांत खरा प्रसंग ठरेल. तो अजून कुणी लिहिलेला माझ्या वाचनात नाही.

आपल्या डोक्यातला गोळीबार आला कुठून मग? काही बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडपासून. त्या पुस्तकांवर पिढ्या वाढल्या, मीही वाढलो, आणि त्यांच्याकडून वास्तवाची अपेक्षा कुणी केली नव्हती. पण खरा साचा पडला तो मुंबईच्या गुन्हेगारी चित्रपटांनी. १६ नोव्हेंबर १९९१ ला लोखंडवाला संकुलातल्या स्वाती इमारतीला पोलिसांनी वेढा घातला, कित्येक तास गोळीबार चालला आणि माया डोळससह सात जण मारले गेले. २००७ मध्ये त्यावर चित्रपट आला. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला; त्यावर २०१३ मध्ये. लोखंडवाल्याचा वेढा तासन्‌तास चालला म्हणूनच तो अपवाद होता. चित्रपटवाल्यांनी अपवादालाच नियम केले. त्यात त्यांचा दोष फारसा नाही. चार सेकंदांचा चित्रपट निघत नाही.

मराठीतल्या एका लेखकाने मात्र पोलिसाच्या हिंसेचे मर्म गोळीबाराशिवाय पकडले होते. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य' १९८३ मध्ये आला, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला सबइन्स्पेक्टर वेलणकर कोठडीतल्या चोराला मारताना भान हरवतो. तिथे ना पिस्तूल, ना पळापळ. एक बंद खोली, अपमान गिळत आलेला एक अधिकारी आणि हाताखाली सापडलेला दुबळा माणूस. खाकीतल्या माणसाचे लिहायचे असेल तर आधी त्या खोलीत शिरायला हवे, असे मला अजूनही वाटते. घाटातली फैर नंतर.

फैरीनंतर काय होते, हा या पुस्तकाचा खरा विषय. कथेत गोळीबार संपला की प्रकरण संपते. प्रत्यक्षात तिथे प्रकरणाचे पहिले पान उघडते. जागा राखायची असते. पंच बोलवायचे असतात. मध्यरात्री जंगलात पंच म्हणून यायला कोण तयार होते, हा स्वतंत्र कथेचा विषय आहे आणि पोलीस पाटलाला त्यासाठी किती दारे ठोठवावी लागतात हेही. प्रत्येक पुंगळी जिथे पडली तिथे खूण करून, मोजून, सीलबंद करायची. किती राउंड घेऊन निघालो, किती झाडले, किती परत आणले, हा हिशोब एका गोळीनेही चुकता कामा नये. वापरलेली शस्त्रे जमा होतात आणि कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. गोळीवरच्या ओरखड्यांवरून ती कुठल्या नळीतून सुटली ते कळते. जखमेभोवतीची काजळी आणि दारूच्या कणांचे ठिपके अंतर सांगतात. पंचवीस फुटांवरून झाडल्याचे जबाबात लिहिले आणि कातडी काळवंडलेली निघाली, तर सगळी हकिकत तिथेच कोसळते. साक्षीदाराची स्मृती डळमळीत असते, हे वर आलेच. पुंगळीला स्मृतीची गरज नसते.

ही शिस्त सहजासहजी आलेली नाही. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली आणि त्यांच्या खरेपणाचा प्रश्न न्यायालयात गेला. त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ ला सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या: गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे द्या, दंडाधिकारी चौकशी करा, मृताच्या नातेवाइकांना कळवा, शवविच्छेदन दोन डॉक्टरांकडून आणि चित्रीकरणासह करा, आणि घटनेनंतर लगेच शौर्यपदक किंवा बढती देऊ नका. शेवटची सूचना वाचताना त्या काळची हवा आठवते. चकमकींचे आकडे तेव्हा क्रिकेटच्या धावांसारखे छापून येत होते. २००६ मध्ये वर्सोव्यात मारल्या गेलेल्या लखनभैयाच्या प्रकरणात ती चकमक बनावट ठरली. २०१३ मध्ये तेरा पोलिसांसह एकवीस जण दोषी ठरले आणि तेव्हा सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली. गोळी सुटल्यापासून या निकालापर्यंत सतरा वर्षे गेली.

आणि २३ सप्टेंबर २०२४ ला, त्या सोळा सूचनांना बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत मारला गेला. बदलापूर म्हणजे मुरबाडच्या शेजारचे शहर. त्या संध्याकाळी या भागात फटाके वाजवणारी माणसेही होती आणि गप्प बसलेलीही. आरोपीने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे मिळाले नाहीत, असे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत नोंदले गेले आणि एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तपास विशेष पथकाकडे देण्याचा आदेश दिला. सुनावणीत न्यायालयाने विचारले होते: डोक्यात का, पायावर का नाही? सरकारी बाजूचे उत्तर होते की अधिकाऱ्याला विचार करायला वेळच नव्हता.

'पायावर का नाही' हा प्रश्न लोक दोन अगदी वेगळ्या अर्थांनी विचारतात, आणि लेखकांनी ते वेगळे ठेवावेत. मोकळ्या मैदानात, दहा-पंधरा पावलांवरून धावून येणाऱ्या माणसाच्या पायाचा नेम धरणे ही सिनेमाची करामत आहे. पाय बारीक असतो, सतत हलतो, चुकलेली गोळी जमिनीवरून उसळून तिसऱ्यालाच लागते आणि लागली तरी हातातले शस्त्र थांबत नाही. म्हणून जीव वाचवायची वेळ आली की अनेक देशांचे पोलीस छातीच्या मध्यावर झाडायला शिकतात. पण बंद गाडीत, हाताच्या अंतरावर, चार पोलिसांमध्ये एकटा आरोपी बसलेला असतो तेव्हा प्रश्न नेमाचा राहत नाही. तिथे गोळीची गरज होती का, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर शरीरशास्त्राने द्यायचे नसते. कायदाही अटकेच्या वेळी मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा जीव घेण्याचा हक्क पोलिसांना देत नाही. ज्याच्यावर तसा आरोप आहे त्याच्या बाबतीतही गरजेपेक्षा जास्त बळ वापरायला परवानगी देत नाही.

या पुस्तकाची रचना त्यामुळे थोडी उफराटी झाली आहे. पहिले प्रकरण बंदुकीचे नसून स्टेशन डायरीचे आहे. ठाणे अंमलदार ती कशी भरतो, कुठली वेळ आधी लिहून ठेवतो आणि कुठे मोकळी ओळ सोडतो, ते तिथे कळेल. दुसरे खबऱ्याचे, तिसरे पंचांचे. शस्त्रे चौथ्या प्रकरणात येतात आणि गोळीबार सहाव्यात, तोही साडेतीन पानांचा. त्यानंतरची सगळी पाने प्रयोगशाळा, शवागार, विभागीय चौकशी आणि कोर्टाच्या तारखांची आहेत. ज्यांना उद्याच हप्ता द्यायचा आहे त्यांनी थेट सहावे उघडले तरी माझी हरकत नाही, फक्त पिस्तुलात किती गोळ्या होत्या आणि किती झाडल्या याची बेरीज वहीच्या समासात आधी करून ठेवा. उलटतपासणीत वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.